व्याह्यापेक्षा चार बोटं उंच

गाडी उंच करून घ्यायला येणारा माणूस पहिल्या भेटीत खरं कारण सांगत नाही. उंब्रजला हायवेच्या कडेला बारा-तेरा वर्षं मी हे काम केलं, त्यातला हा पक्का अनुभव. कुणी म्हणतो शेताकडचा रस्ता खराब आहे. कुणी म्हणतो ओढ्याला पाणी येतं. एकानं तर डॉक्टरांनीच सांगितलंय म्हणून सांगितलं. मी विचारलं, कुठल्या डॉक्टरांनी? तर म्हणाला, "जनावरांच्या." त्याचा शेळ्यांचा धंदा होता.

खरं कारण बाहेर येतं ते चहा झाल्यावर, आणि बहुतेक वेळा ते कारण म्हणजे एखादा माणूस असतो. भावकीतला, शेजारचा, नाहीतर मेव्हणा. त्याच्या गाडीपेक्षा आपली गाडी उंच दिसायला हवी असते. बाकी ओढा वगैरे सगळं नंतर सुचलेलं.

मी फौजेतला मेकॅनिक. वीस वर्षं सरकारी ट्रकांच्या पोटाखाली उताणा पडून काढली आणि गावी येऊन गॅरेज टाकलं. लोक मला फौजी म्हणतात. माझ्याबरोबर मेहबूबचाचा होते. वेल्डर, वय साठीच्या पुढचं, तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात आणि त्या दातांचा भारी अभिमान. हे दात पुढं गोष्टीत येणार आहेत, म्हणून सांगितलं.

आता गाडी उंच करतात म्हणजे काय करतात, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गाडीची चाकं आणि वरची बॉडी यांच्यामध्ये स्प्रिंगा असतात. पिकअपला पुढं वेटोळ्याच्या स्प्रिंगा आणि मागं लोखंडी पट्ट्यांची चळत, तिला आम्ही कमान म्हणतो. उंच करायचं सामान पेटीतून तयार येतं, त्याला किट म्हणायचं. त्यात लांब स्प्रिंगा, लांब शॉकअ‍ॅब्झॉर्बर, मागच्या कमानीखाली घालायचे लोखंडी ठोकळे आणि ते आवळायला लांब बोल्ट. जुनं काढायचं, नवं बसवायचं. दोन माणसांचं दीड दिवसाचं काम.

ऐकायला सोपं आहे. पण गाडी वर गेली म्हणून तिच्यातलं सगळं आपोआप वर येत नाही. ब्रेकची नळी होती तेवढीच राहते आणि ताणते. हेडलाइट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात घुसतो. चाकं फाकतात, ती पुन्हा लायनीत आणावी लागतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वजन वर जातं. मग गाडी डोक्यावर दोन घागरी घेतलेल्या बाईसारखी चालायला लागते. बाईला त्याची सवय असते. गाडीला नसते.

म्हणून मी दोन इंचांच्या वर कधी जात नसे, आणि तेवढ्यालासुद्धा आधी आरटीओत विचारून या म्हणत असे. बारा-तेरा वर्षांत एकदाच हा नियम मोडला. तो दिनकरबापूंसाठी.

दिनकरबापू इस्लामपूरकडचे ऊसवाले. उंची जेमतेम पाच फूट, मिशा मात्र सहा फुटी माणसाच्या. चार दारांची, मागं हौदा असलेली पिकअप त्यांनी घेतली होती आणि समोरचा रस्ता दिसावा म्हणून सीटवर उशी घेऊन बसत. एका दुपारी ती पिकअप माझ्या दारात थांबली. आधी उशी खाली पडली, मग बापू उतरले. उशी झाडून त्यांनी परत सीटवर ठेवली आणि हौद्यातून एक ऊस बाहेर काढला. वाढ्याकडून, म्हणजे शेंड्याकडून, सरळ कापलेला, माझ्या डोक्याहून थोडा उंच.

"फौजी, गाडी एवढी उचलायची. आन् वर चार बोटं."

मला वाटलं ऊस भेट आणलाय. मी हात पुढं केला.

"हात नगा लावू," बापू म्हणाले. "त्यो ऊस न्हाई. माप हाय."

चहा झाला आणि सगळं बाहेर आलं. बापूंची मुलगी उज्ज्वला कोयनानगरला दिलेली. तिचे सासरे हिंदुराव चांगले सहा फूट उंच, आणि त्यांच्याकडं मोठ्या टायरांची जुनी, उंच जीप. उज्ज्वलाच्या डोहाळजेवणाला दोन्ही गाड्या शेजारी शेजारी लागल्या आणि कुणीतरी हौसेनं फोटो काढला.

बापूंनी मोबाइलवर तो फोटो मला दाखवला. "बगा. माझी गाडी त्येच्या जीपचं वासरू वाटती का न्हाई?"

मी खोटं बोललो नाही. वाटत होती.

"आन् हिंदुराव काय म्हनला म्हाईत हाय? म्हनला, बापू, तुमची गाडी लय सोज्वळ हाय. गाडीला कुनी सोज्वळ म्हनतं व्हय?"

बापूंनी तिथंच ठरवलं. पुढं नातू झाला, त्याचे पेढे द्यायला कोयनानगरला गेले तेव्हा व्याह्यांसाठी नेलेल्या उसाच्या मोळीतला एक ऊस त्यांनी मागं ठेवला, हिंदुराव पान आणायला आत गेले तेवढ्यात तो जीपला टेकवून उभा केला, टपाच्या रेषेत विळ्यानं खांडला आणि तसाच घेऊन माझ्याकडं आले. गाडी सोमवारी आणतो म्हणाले. माप मात्र त्यांनी माझ्या हवाली केलं. मी ते आत भिंतीला टेकवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी कराडला किट आणायला गेलो. परत आलो तर मेहबूबचाचा दारात बाकड्यावर बसलेले, पायाशी चोथा, आणि चेहऱ्यावर समाधान.

"फौजी, कुटला ऊस हाय ह्यो? लय गोड. आन् ह्या वयात बगा, दातानं सोलला!"

मी भिंतीकडं बघितलं. माप भिंतीला टेकलेलं होतं, पण ते आता माझ्या छातीला लागत होतं. चाचांनी खालून सुरुवात केली होती, कारण बुडख्याकडं गोडी जास्त.

बापूंना फोन केला तर ते तासाभरात हजर. त्यांनी उरलेला ऊस उभा धरला, त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "चाचा, तुमी माझं माप खाल्लंसा."

चाचा खरंच ओशाळले. "मला काय ठावं? ऊस दिसला, खाल्ला. किती, दोनच कांडी खाल्ली आसतील."

"दोन? ह्यो चोथा दोन कांड्यांचा हाय? तीन हायती."

"दोन."

"आवं, मी जन्म घालवला उसात. मला चोथा कळत न्हाई?"

दोघांनी जमिनीवर बसून चोथ्याचे गोळे वेगवेगळे मांडले. ते काही केल्या जमेना. मी सांगितलं की दोन कांड्या असोत की तीन, कांडी काही फूटपट्टी नाही, एखादी लांब असते, एखादी आखूड. अंदाजानं मी गाडीचा बोल्टसुद्धा फिरवत नाही. पुन्हा मोजायला पाहिजे.

"परत जायचं?" बापू घाबरले. "काय म्हनून जायचं?"

कारण घरातच तयार होतं. उज्ज्वला माहेरी बाळंत झाली होती. बारशाचं आमंत्रण द्यायला बापूंना जायचंच होतं. मी त्यांच्या ओळखीचा म्हणून बरोबर गेलो, खिशात मोजायचा टेप घालून. फौजेत असताना शत्रूच्या गाड्यांची मापं आणायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. ती रिटायर झाल्यावर आली.

ठरलं होतं असं की बापूंनी आत बसून हिंदुरावांना बोलण्यात गुंतवायचं आणि मी हात धुवायच्या निमित्तानं बाहेर यायचं. मी बाहेर आलो, जीपच्या बंपरवर चढलो, टेप टपाला लावला. आकडा वाचतोय तोवर मागून आवाज आला.

"काय करतायसा, पाव्हणं?"

हिंदुराव हात धुवायला तांब्या घेऊन माझ्या मागोमागच आले होते. बापूंनी त्यांना अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त काही गुंतवलं नव्हतं. मी बंपरवर उभा, हातात उघडा टेप. मला जे सुचलं ते बोललो.

"कव्हर शिवायचंय. जीपला. बापूंनी नातवाच्या बारशाला भेट द्यायची ठरवलीय. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते."

हिंदुरावांच्या हातातला तांब्या कलला. एवढा मोठा माणूस, पण गहिवरला. ते तसेच आत गेले आणि बापूंना म्हणाले, "आवं बापू, कशाला एवढं? कशाला?" बापूंना काय चाललंय ते ठाऊक नव्हतं, त्यांच्या नाकातून चहा बाहेर आला. निघताना हिंदुराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "खाकी नगं, निळं बगा. आन् आतनं मऊ कापड लावलं तर बरं."

परतीच्या वाटेवर मल्हारपेठला बापूंनी गाडी कडेला घेतली. मग म्हणाले, "फौजी, त्येच्या गाडीवर आता मीच पांगरून घालायचं?"

आता माप पक्कं होतं. जीप बापूंच्या पिकअपपेक्षा तीन इंच उंच होती. वर चार बोटं. बापूंची चार बोटं मी टेपनं मोजली, शेतकऱ्याची जाड बोटं, ती तीन इंच भरली. म्हणजे सहा इंच. मी म्हणालो, दोन करून देतो. बापू माझ्या हत्यारांच्या पेटीवर बसले आणि उठेनात. दुसऱ्या दिवशी परत येऊन बसले. मला पाना काढायचा असला की त्यांना उठवावं लागे, आणि पाना काढला की ते परत बसत.

"दोन इंचानं मी बरोबरीतबी येत न्हाई, फौजी. दोन इंचानं नुसता खर्च दिसतो."

शेवटी मी चार म्हणालो. त्या वेळी मला वाटलं, चाकं लायनीत लावून देऊ, ब्रेकच्या नळ्या लांब टाकू, बापू काही वेगानं चालवणारे नाहीत. कारागिराला चुकीचं काम नीट करता येत असलं की त्याला तेवढंच दिसतं, चूक दिसत नाही. आरटीओचं विचारलं तर बापू "बघू" म्हणाले, आणि मीही पुढं विचारलं नाही.

उरलेले दोन इंच चाचांनी भरून काढले. ऊस खाल्ल्याची भरपाई म्हणून बापूंनी त्यांच्याकडून टपावर लोखंडी कॅरियर करून घेतला, त्याला चारी बाजूंनी कठडा. म्हणजे वजन आणखी वर. आता हे लिहिताना माझा हात कपाळाकडं जातो. तेव्हा गेला नाही. काम झालं तेव्हा गाडी रुबाबदार दिसत होती हे कबूल करतो. बापूंनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या, दार उघडलं, उशी आत टाकली आणि चढायला गेले. पाय पोचेना. मिशा ताणून ते माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांना खाली एक ठोकळा दिला. तो पायाखाली घेऊन ते चढले, आणि मग ठोकळा खालीच राहिला.

तीन महिन्यांनी उज्ज्वलाला बाळ घेऊन सासरी पोचवायची वेळ आली. बापूंनी मला बरोबर यायला सांगितलं, "काय झालं तर आसावं मानूस." मी इस्लामपूरकडं गेलो. बापूंनी गाडी घराच्या उंच ओट्याला अशी चिकटवून लावली होती की शेवंताकाकी, म्हणजे बापूंच्या मंडळी, आणि बाळाला घेतलेली उज्ज्वला दोघी ओट्यावरून सरळ आत जाऊन बसल्या. त्यामुळं गाडी किती उंच आहे हे त्यांना कळलंच नाही. सामान हौद्यात भरलं. लाकडी पाळणा मात्र बापूंनी टपावर बांधला.

"हौद्यात जागा आहे की," मी म्हणालो.

"वरच बरा दिसतो."

पाटण मागं पडलं आणि वळणं सुरू झाली. बापू चालवत होते, मी शेजारी, मागं दोघी आणि बाळ. एका वळणाला कडेच्या झाडीतून एक म्हैस आली आणि रस्त्याच्या मध्ये उभी राहिली. बापूंनी गाडी झटकन बाजूला घेतली. नेहमीच्या पिकअपमध्ये ती नुसती वळली असती. ही वळली, मग कलली, आणि कलतच राहिली. माझ्या बाजूच्या काचेतून मला फक्त आभाळ दिसलं. मला वाटलं, चाकांनी रस्ता सोडला. मग ती परत खाली आली, दुसऱ्या अंगाला झुकली, आणि थांबली.

टपावरचा दोर सुटला होता. पाळणा घसरून मागच्या दाराच्या काचेशी लोंबकळत होता आणि काकींच्या डोळ्यांसमोर रिकामाच झोके घेत होता. उज्ज्वलानं बाळाला छातीशी घट्ट धरलं होतं. बाळ झोपलेलंच होतं. 

काकी अगदी हळू बोलल्या. "आवं, तुमी उतरा. फौजी चालवतील."

मी चालवायला बसलो. वीस वर्षं फौजेत डोंगरातून ट्रक नेले, पण स्वतःच्या हातानं बिघडवलेली गाडी मी त्या दिवशी पहिल्यांदा चालवली. दोनाचे चार मी केले होते. म्हशीचा त्यात काही दोष नव्हता. पाळणा हौद्यात टाकला आणि बैलगाडीच्या चालीनं आम्ही कोयनानगरला पोचलो.

तिथं दारात हिंदुरावांच्या मंडळी ताराबाई ओवाळणीचं ताट आणि भाकरतुकडा घेऊन तयार उभ्या होत्या. बाळ पहिल्यांदा घरी येतंय, त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पाणी डोळ्यांना लावायचं, मग आत घ्यायचं. ताराबाई पुढं आल्या, ताट वर केलं, आणि त्यांना दिसलं ते पिकअपचं दार. बाळ त्याच्याही वर होतं. इथं ओटा नव्हता. उज्ज्वला म्हणाली, "आत्याबाई, मला उतरता येत न्हाई."

ताराबाईंनी त्यांच्या जीपमधून लाकडी पाट आणला, त्यावर चढल्या, हात उंच केला आणि ओवाळलं. भाकरतुकडा बाळाच्या टाचेपर्यंत पोचला. पाणी डोळ्यांना लावायचं ते माझ्या हातावर पडलं, कारण मी बाळाला खाली घ्यायला हात पुढं केला होता. ते मी माझ्याच डोळ्यांना लावलं. वाया कशाला घालवायचं?

बाळ उतरलं, मग उज्ज्वला पाटावर पाय देऊन उतरली. राहिल्या शेवंताकाकी. अंगानं भरलेल्या, गुडघे दुखरे, नेसलेलं नऊवारी. त्यांनी एक पाय खाली सोडला, पाट कुठं लागेना, पाय परत वर घेतला.

"मी हितंच बसती," त्यांनी जाहीर केलं. "च्या वर द्या."

चहा वर गेला. त्यांनी तो बशीत ओतून निवांत प्यायला, कपबशी खाली दिली. शेजारणी येऊन त्यांच्याशी खालून बोलून गेल्या. बापू गाडीभोवती फिरत होते आणि हिंदुराव टपाकडं बघत होते. कॅरियर त्यांच्या जीपच्या वर होता, चार बोटं बरोबर. ते त्यांनी डोळ्यांनीच मोजलं.

शेवटी आंबे उतरवायची शिडी आली. ती दाराला लावली, मी आणि हिंदुरावांनी दोन्ही बाजूंनी धरली. काकी दोन पायऱ्या नीट उतरल्या. तिसरीवर त्यांचा पाय नऊवारीत अडकला आणि त्या दोन्ही पायांवर एकदम खाली आल्या. लागलं काही नाही, पण धप्प असा आवाज झाला आणि शेजारच्या पत्र्यावरून एक मांजर उडालं. कोयनानगर भूकंपाचं गाव, तिथं असला आवाज कुणी हसण्यावारी नेत नाही. पलीकडच्या घरातला म्हातारा लगबगीनं बाहेर आला, जरा वेळ जमिनीकडं बघत उभा राहिला आणि आत ओरडून म्हणाला, "लहान हाय. बसा खाली."

काकी त्याच्याकडं बघून म्हणाल्या, "ल्हान न्हाई, मी हाय." मग बापूंकडं वळल्या. गाडीतली पिशवी तेवढी काढून मागितली. परतीला त्या एसटीनं गेल्या.

मला वाटलं, प्रकरण संपलं. पंधरा दिवसांनी माझ्या दारात हिंदुरावांची जीप उभी राहिली. तिच्यावर निळ्या कव्हरची घडी नीट बांधलेली होती.

"फौजी, जीप उचलायची," हिंदुराव म्हणाले. "आमच्याकडं पानी लय साचतं."

मी त्यांना चहा पाजला.

"बापूंच्या कॅरियरपेक्षा चार बोटं," ते म्हणाले.

मी नाही म्हणालो. घाटातलं म्हशीचं आणि पाळण्याचं सगळं सांगितलं. बाळाच्या आजोबाला ते ऐकून धडकी भरेल असं मला वाटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग साताऱ्यात दुसरा कोण करतो त्याचा पत्ता द्या. तेवढ्यात बापूंचा फोन आला, "हिंदुराव आलाय का रं तुझ्याकडं? त्येची किती केलीस?" एरवी मला अहो-जाहो करणारा माणूस अरे-तुरेवर आला होता. मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला, आणि तासाभरात त्यांची पिकअप येऊन जीपच्या शेजारी लागली. दोघे व्याही समोरासमोर उभे राहिले. कुणीच कुणाला "या" म्हणालं नाही. चाचा वेल्डिंगचा चष्मा लावून उगाचच एका गार पडलेल्या पाइपकडं बघत बसले.

आणि मग एसटी थांबली. हातात पिशव्या घेतलेल्या दोन बायका उतरल्या आणि रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडं आल्या. शेवंताकाकी आणि ताराबाई. त्यांनी फोनवर ठरवून कराडच्या स्टँडवर एकमेकींना गाठलं होतं.

"फौजी, दोन्ही गाड्या खाली घ्या," काकी म्हणाल्या.

"किती?" मी विचारलं. सवयीनं.

काकींनी चप्पल काढली, पिकअपच्या दाराला हात लावला आणि एक पाय उचलला. गुडघा दुखेपर्यंत उचलला आणि तिथं धरला. "ह्येच्या वर माझा पाय जात न्हाई. हितं टेकला पायजे."

मी खडूनं शेजारच्या टायरवर रेघ ओढली. ती दाराच्या खालच्या कडेच्या बरीच खाली होती, म्हणजे नुसती गाडी उतरवून भागणार नव्हतं, खाली पायरीही लावावी लागणार होती. मग ताराबाई जीपपाशी गेल्या.

हिंदुराव हसले. "हिला सवय हाय. पंचवीस वर्सं बसतीया ह्या जीपमदी."

"पंचवीस वर्सं पाट घिऊन हिंडतीया," ताराबाई म्हणाल्या. "कुटं गेलं की आदी पाट उतरतो, मग मी. लग्नात, मयतीत, कुटंबी. लोकं मला पाटवाली म्हनत्यात, तुमाला म्हाईत हाय?"

हिंदुरावांना माहीत नव्हतं. ते त्यांच्या तोंडावर दिसलं. सहा फुटांचा माणूस जरा वेळ जागच्या जागी लहान झाला. मग त्यांनी स्वतः माझ्या हातातला खडू घेतला, खाली वाकले आणि बायकोला म्हणाले, "उचल पाय."

इतकी वर्षं मी गाडीची उंची जमिनीपासून मोजली, टपापासून मोजली, एकदा उसानं मोजायचीही वेळ आली. गाडीत बसणाऱ्याच्या पायापासून मोजायची असते हे मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं, फौजेनंसुद्धा नाही. त्यानंतर माझ्याकडं कुणीही आलं की मी पहिलं सांगायचो, घरातल्या सगळ्यांत थकलेल्या माणसाला घेऊन या. निम्मी गिऱ्हाइकं परत यायची नाहीत.

पुढचे तीन दिवस आम्ही उलटं काम केलं. पिकअपचे ठोकळे काढले, जुन्या स्प्रिंगा परत बसवल्या, चाचांनी कॅरियर उतरवला. जीपचे मोठे टायर गेले, तिच्या कमानीही जरा चपट्या केल्या. दोन्ही गाड्यांना लोखंडी पायऱ्या झाल्या, रेघेवर बरोबर. चौथ्या दिवशी चौघंही आले. गाड्या शेजारी लावल्या, तर टप जवळजवळ एका रेषेत. चाचांनी खात्री म्हणून दोन्ही टपांवर आडवा पाइप ठेवला आणि त्यावर गवंड्याची पाणसळ. बुडबुडा मधोमध येऊन थांबला. दोन्ही व्याह्यांनी वाकून बघितला. 

काकी पायरीवर पाय ठेवून एका दमात पिकअपमध्ये चढल्या. ताराबाई त्यांच्या शेजारी बसल्या. मग ताराबाई उतरल्या आणि पुन्हा चढल्या, नुसतंच, हौसेखातर.

मी पाणसळ ठेवायला आत गेलो तर बापू माझ्या मागं मागं आले. कॉम्प्रेसरच्या आडोशाला मला थांबवून त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "फौजी, हॉर्नचं काय करता येतंय का? जरा मोठा?"

मी हॉर्नची कामं करत नाही म्हणालो आणि बाहेर आलो. बाहेर हिंदुराव जीपचं बॉनेट उघडून चाचांना आतलं काहीतरी बोटानं दाखवत होते. मला बघितल्याबरोबर त्यांनी बॉनेट धाडकन मिटलं आणि म्हणाले, "पानी बगत हुतो."